कुत्र्याचे ऋण आणि त्याचा हिशेब

परळ म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. एक गिरण्या आणि दुसरी इस्पितळे. गिरण्यांची धुराडी आता थंड झाली आहेत. इस्पितळांची गर्दी मात्र तशीच आहे. केईएम, टाटा, वाडिया ह्या इमारतींच्या आसपास कोकणातून, घाटावरून आलेली माणसे पिशव्या आणि तपासण्यांचे कागद घेऊन पदपथावर बसलेली दिसतात. ह्याच परिसरात आणखी एक इस्पितळ आहे. ते जनावरांचे. सर दिनशा पेटिट ह्यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांचे नाव लावणारे हे इस्पितळ शंभरांहून अधिक वर्षे चालू आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली येथेच सुरू झाले. लालबागच्या चाळीतला एखादा मुलगा गाडीखाली पाय सापडलेला कुत्रा हातांवर उचलून येथे आणतो, आणि डॉक्टर त्या पायाला पट्टी बांधून देतात.

येथून थोडे चालत गेले की हाफकिन संस्था लागते आणि पलीकडे केईएम. माणसाच्या औषधासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी जनावरांवर प्रयोग झाले ते अशाच संस्थांतून. म्हणजे एकाच परिसरात एका दाराशी कुत्रा रोगी म्हणून येतो आणि दुसऱ्या दाराने तो प्रयोगासाठी आत जातो. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कशा नांदतात, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचे उत्तर रागाने किंवा भाबडेपणाने देऊन भागत नाही. प्रयोगशाळेत कुत्र्याचा उपयोग कशासाठी होतो, त्यातून काय मिळाले आणि त्यातले टाळता येण्याजोगे किती, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

कुत्राच का, असे कोणी विचारील. उंदीर आणि ससे स्वस्त असतात, लवकर वाढतात आणि बहुतेक प्रयोग त्यांच्यावरच होतात. परंतु उंदराचे हृदय वाटाण्याएवढे. त्याच्या रक्तवाहिनीत नळी घालणे कठीण, आणि ती शिवणे त्याहून कठीण. कुत्र्याचे हृदय, त्याच्या रक्तवाहिन्या, त्याचे जठर ही आकाराने माणसाच्या बरीच जवळ जातात. दुसरे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो. कुत्रा माणसाचे ऐकतो. बस म्हटले की बसतो आणि पंजा दे म्हटले की पंजा देतो. औषधांच्या चाचणीत जगभर बीगल नावाची जात वापरतात. ती आकाराने लहान, केसांनी आखूड आणि स्वभावाने फार गरीब. ज्या गुणामुळे कुत्रा आपल्या घरात आला, त्याच गुणामुळे तो प्रयोगशाळेतही गेला.

आता त्यातून मिळाले काय ते पाहू. मधुमेहाचे उदाहरण घ्या. १८८९ साली जर्मनीत मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग ह्या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याच्या लघवीत साखर उतरू लागली. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे त्यावरून कळले. पुढे १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क वेगळा काढला, आणि १९२२ च्या जानेवारीत एका मरणोन्मुख मुलाला तो टोचला. तेच इन्सुलिन. आज गिरगावातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात शीतकपाटात जी कुपी असते, तिचा इतिहास असा कुत्र्यापाशी सुरू होतो. जन्मतः हृदयात दोष असल्यामुळे निळी पडणारी मुले घ्या. त्यांच्यासाठी अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९४४ साली जी शस्त्रक्रिया झाली, तिचा सराव आधी कुत्र्यांवर झाला होता. त्यांतल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र त्या इस्पितळात सन्मानाने लावण्यात आले.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस हे तर आपल्या अगदी ओळखीचे उदाहरण. लुई पाश्चरने ही लस माणसाला टोचण्यापूर्वी पन्नास कुत्र्यांना टोचून पाहिली होती. मगच ६ जुलै १८८५ रोजी त्याच्या देखरेखीखाली जोसेफ मेस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली सुई देण्यात आली. म्हणजे कुत्र्याने दिलेल्या रोगावरचा उपायही आधी कुत्र्यानेच अंगावर घेतला. आपल्याकडे १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल ह्यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि तशीच लस पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागली. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीला चांगली आठवत असेल. त्या लशीने असंख्य जीव वाचले. क्वचित एखाद्याला तिच्यामुळे पक्षाघातही होई. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन बंद झाले. आज दंडात चार-पाच सुया घेऊन काम भागते आणि ती लस काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर तयार होते. जनावराच्या मेंदूची जागा पेशींनी घेतली आणि लस उलट अधिक चांगली झाली. हे आपण ध्यानात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

केईएमची गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. शेठ गोर्धनदास सुंदरदास ह्यांच्या देणगीतून निघालेल्या महाविद्यालयात केवळ हिंदी अध्यापकच नेमावेत अशी देणगीदारांची अट होती. १९२६ साली महाविद्यालय आणि इस्पितळ सुरू झाले, तेव्हा ती स्वाभिमानाची गोष्ट होती. ह्याच संस्थेत डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. नव्या शस्त्रक्रिया माणसावर करण्यापूर्वी ते आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करीत. सर्पवर्गातील प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते, हे पाहून डॉ. सेन ह्यांना कल्पना सुचली की माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडली तर तेथेही असेच रक्त पोचेल काय? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर हा प्रयोग केला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे परदेशी सुईच्या जागी लेझर आला आणि त्याच कल्पनेवर काम झाले.

कुत्र्यांवर हृदयरोपण करून पाहण्याचे कामही केईएममध्ये त्याच दशकात चालले होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनला डॉ. बर्नार्ड ह्यांनी माणसात पहिले हृदयरोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळला डॉ. सेन ह्यांनी तेच केले. असे करणारे ते जगातले चौथे शल्यविशारद. रोगी काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नालाही यश आले नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घेण्याविषयीचा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला, आणि पहिले यशस्वी हृदयरोपण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीला झाले. पण १९६८ साली एका म्युनिसिपालिटीच्या इस्पितळाला असे धाडस करता आले, ह्याचे कारण त्यांचे हात सरावलेले होते. ते ज्यांच्यावर सरावले ती कुत्री कोणाच्या स्मरणात नाहीत.

इथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. कुत्र्याने माणसाला जगवले, ते चालू द्यावे. पण प्रश्न मिटत नाही. संशोधन वेगळे, औषधाची नेहमीची चाचणी वेगळी आणि वर्गातले प्रात्यक्षिक वेगळे. तिन्हींना एकच माप लावून चालणार नाही.

औषधाची चाचणी कशी होते? नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते दोन जातींच्या जनावरांना देऊन पाहावे, एक उंदराच्या वर्गातली आणि दुसरी त्या वर्गाबाहेरची, असा अनेक देशांचा नियम दीर्घकाळ चालत आला. ही दुसरी जात म्हणजे पुष्कळदा कुत्रा. कुत्र्यांचे गट पाडतात. एका गटाला औषध मुळीच देत नाहीत. बाकीच्यांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रा रोज देतात. हे काही आठवडे, कधी कधी अनेक महिने चालते. वजन, रक्त, लघवी, हृदयाचा आलेख हे सारे तपासतात. शेवटी सामान्यतः कुत्र्यांना मारून त्यांचे यकृत, मूत्रपिंड, हृदय सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषध कोणत्या मात्रेला कोणत्या अवयवाला बाधते हे कळावे, म्हणजे माणसाला द्यावयाची पहिली मात्रा त्याच्या पुष्कळ खाली ठेवता येते, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब नेहमी बरोबर येतो काय? नाही. क्षयावरचे आयसोनियाझिड हे औषध घ्या. १९५२ सालापासून ते वापरात आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाची धूळ आणि चाळीतल्या कोंदट खोल्या ह्यांत क्षय किती पसरला होता आणि शिवडीचे इस्पितळ कसे भरलेले असे, ते येथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. ह्या औषधाने त्यांतले कितीतरी वाचले. परंतु माणसाचे यकृत ज्या रासायनिक क्रियेने हे औषध निकामी करते, ती क्रिया कुत्र्याच्या शरीरात होतच नाही. माणसाच्या गोळ्या घरातल्या कुत्र्याने चुकून खाल्ल्या, तर त्याला झटके येतात आणि तो दगावूही शकतो. एकट्या कुत्र्यावरून ह्या औषधाचा निवाडा केला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार करा. उलट, कुत्र्याला मानवलेले औषध माणसाला बाधले, असेही घडले आहे. कुत्रा हा माणसाचा आरसा खरा, पण जागोजागी पारा उडालेला.

तरीही सर्वच बंद करा असे म्हणणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. मग पहिली मात्रा कोणी घ्यावयाची? डॉ. हाफकिन ह्यांनी प्लेगची लस जनावरांना देऊन पाहिल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली. ते कैदी आपखुशीने पुढे आले, असे इतिहास सांगतो. पण तुरुंगातल्या माणसाची आपखुशी कितपत मोकळी असते हे आपण जाणतो. जनावर मध्ये नसेल तर तो धोका पुष्कळदा एखाद्या गरिबाच्या अंगावर येतो. म्हणून चाचणीत कुत्र्याच्या जागी दुसरे काही आणावयाचे, तर ते त्याच्याहून अधिक भरवशाचे असले पाहिजे.

वर्गातल्या प्रात्यक्षिकाचे मात्र तसे नाही. त्याविषयी मी पाहिलेलेच सांगतो. मी वैद्यकाचा विद्यार्थी असताना आमच्या महाविद्यालयात दरवर्षी रक्तदाबाचे एक प्रात्यक्षिक होई. सकाळी एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा आणला. आम्ही तीसएक विद्यार्थी दाटीवाटीने उभे होतो. प्रयोगशाळेचे शिपाई, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, त्याला बाहेर पाव खाऊ घालीत होते. मी म्हटले, "मामा, भूल द्यायची आहे ना, मग खायला कशाला?" मामा म्हणाले, "अर्धाच दिला हो डॉक्टर. रात्रीपासून उपाशी आहे तो."

कुत्र्याला भूल दिली. मानेतल्या धमनीत नळी घातली. काजळी धरलेला कागद फिरत्या डब्यावर गुंडाळला होता, त्यावर एक काडी रक्तदाबाची पांढरी रेघ काढू लागली. सरांनी ॲड्रेनलिन दिले, रेघ वर चढली. दुसरे औषध दिले, खाली आली. मग ॲट्रोपिन देऊन तेच औषध पुन्हा दिले, तेव्हा रेघ खाली यावयाची थांबली. सारे पुस्तकात छापले होते तसेच झाले. तास संपल्यावर कुत्र्याला शुद्धीवर न आणता जास्त भूल देऊन मारले. त्याला वेदना झाल्या नसाव्यात, असे मी अजूनही मानतो. मी सरांना विचारले, "सर, हा आलेख पुस्तकात आहेच. मग दरवर्षी कुत्रा कशाला?" सर वाईट माणूस नव्हते. ते थोडे थांबून म्हणाले, "परीक्षेत विचारतात."

पुष्कळ वर्षांनी मी प्राण्यांविषयीचा १९६० सालचा कायदा वाचला, तेव्हा हे उत्तर मला पुन्हा आठवले. ह्या कायद्याचा आरंभ नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून झाला. कायदा प्रयोगांना बंदी करीत नाही. जीव वाचवण्यासाठी, रोग हटवण्यासाठी, नवे ज्ञान मिळवण्यासाठी होणारे प्रयोग तो मान्य करतो. परंतु प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने नियम कोणत्या हेतूने करावेत, ते त्यात स्पष्ट सांगितले आहे. भूल देऊन आणि दयाबुद्धीने प्रयोग व्हावेत. लहान जनावराने भागत असेल तर मोठे घेऊ नये. केवळ हातांना सराव व्हावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट ह्यांनी शिकवणे साधत असेल तर जनावरावरचा प्रयोग टाळावा. हे सारे १९६० साली लिहिलेले होते. आमचा तांबूस कुत्रा त्यानंतर कितीतरी वर्षांनी मेला. कायदा पुस्तकात होता आणि कुत्रा टेबलावर, एवढेच.

ह्याच सुमारास, १९५९ साली, रसेल आणि बर्च ह्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन साधे नियम सांगितले. जनावराऐवजी दुसरे साधन वापरता येईल तर वापरा. ते नसेल तर जनावरांची संख्या कमी करा. आणि जी वापराल त्यांचे हाल होणार नाहीत अशी पद्धत सुधारा. आज जगभर ह्याच तीन नियमांवर प्रयोगांचे मोजमाप होते.

आपल्याकडची देखरेख समिती १९६४ साली नेमली गेली. तिला खरे बळ आले ते १९९८ च्या नियमांनी. आता जनावरांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. जनावरे नोंदलेल्या पैदासकेंद्रातून घ्यावी लागतात; रस्त्यावरचा कुत्रा उचलून आणणे चालत नाही. प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती असते आणि तीत पशुवैद्य व शास्त्राबाहेरचा एक समाजाभिमुख सभासद असावा लागतो. कुत्र्यासारख्या मोठ्या जनावरावरचा प्रयोग असेल, तर संस्थेतल्या समितीचा होकार पुरत नाही. प्रस्ताव दिल्लीच्या समितीकडे जातो. प्रयोगानंतर जी जनावरे जगतात त्यांच्या सांभाळाचा भारही संस्थेवर येतो. २०१६ साली बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतून बाहेर आलेल्या बीगल कुत्र्यांना लोकांनी घरी नेले. त्यांतल्या कित्येकांनी गवतावर पाय ठेवला तो आयुष्यात प्रथमच.

२०१४ साली दोन गोष्टी झाल्या. साबण, पावडर, लाली असल्या प्रसाधनांची जनावरांवर चाचणी करण्यास देशात बंदी झाली. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र ह्यांच्या वर्गांत जनावरांऐवजी संगणक वापरण्यास नियमाचा आधार मिळाला. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत असा कार्यक्रम त्याआधीच तयार झाला होता. आता विद्यार्थी पडद्यावर ॲड्रेनलिन देतो आणि रेघ वर चढते. ती हवी तेवढ्या वेळा चढते आणि प्रत्येकाला स्वतः करून पाहता येते. आम्ही तीस जण माना उंचावून जे पाहत होतो, त्यापेक्षा हे शिक्षण निश्चित बरे.

औषधांच्या चाचणीतही वारे बदलत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून जनावरांवरची चाचणी अनिवार्य असल्याचा जुना शब्द काढून टाकला. मार्च २०२३ मध्ये भारत सरकारनेही नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि इतर मार्गांना वाट मोकळी केली. हे मार्ग कोणते? माणसाच्या यकृताच्या, हृदयाच्या पेशी बोटाएवढ्या पट्टीवर वाढवून त्यांवरून औषध सोडावयाचे. किंवा पूर्वीच्या हजारो औषधांची माहिती संगणकाला देऊन नव्या औषधाचा अंदाज बांधावयाचा. ह्या पद्धती अजून पूर्ण शरीराची जागा घेऊ शकत नाहीत. औषध आतड्यातून यकृतात, तेथून मेंदूत गेल्यावर काय होईल, हे एका पट्टीवर सारे दिसत नाही. म्हणून कुत्र्यांवरची चाचणी आजही चालू आहे, आणि ती उद्या सकाळी थांबेल असे मी आपल्याला सांगणार नाही. परंतु चाव्यावरच्या लशीच्या बाबतीत मेंढीचा मेंदू जाऊन पेशी आल्या आणि आपले काही अडले नाही, हे आपण पाहिलेच.

आपण सामान्य माणसांनी ह्यात काय करावयाचे? आपल्या मुली-मुलांपैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी औषधांच्या कारखान्यात लागेल, कोणी एखाद्या संस्थेच्या नैतिक समितीवर शास्त्राबाहेरचा सभासद म्हणून बसेल. समोर प्रस्ताव येईल तेव्हा त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. ह्याचे उत्तर आधीच कोणाला मिळालेले आहे काय? दुसऱ्या मार्गाने मिळेल काय? आणि कुत्राच हवा असेल, तर इतकी कुत्री कशासाठी? हे विचारल्याने संशोधन अडत नाही. डॉ. सेन ह्यांच्यासारख्याला त्यांची उत्तरे देता आली असती. आमच्या वर्गातल्या प्रात्यक्षिकाला ती देता आली नसती.

परळला पुन्हा कधी गेलात तर जनावरांच्या इस्पितळावरून केईएमकडे चालत जा. रस्त्यात फुटपाथवर एखादा तांबूस कुत्रा झोपलेला दिसेलच. तेथे बसलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी त्याला आपल्या डब्यातला पोळीचा तुकडा टाकील. त्या कुत्र्याच्या जातीने आपल्याला काय दिले, हे त्या माणसाला ठाऊक असेल वा नसेल. आपल्याला मात्र आता ठाऊक आहे.